मुलाकातीच्या वीस मिनिटांत काय बोलावे?

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगर भागात, माहेरच्या घराजवळच राहते. माझा धाकटा भाऊ साडेतीन महिन्यांपासून सेंट्रल जेलमध्ये आहे. तो एका वित्त कंपनीत वसुलीचे काम करीत होता. ग्राहकांकडून घेतलेले पैसे त्याने कंपनीत भरले नाहीत, असा आरोप आहे. फसवणूक आणि अपहार अशी कलमे लागली असून त्यांत कमाल सात वर्षांची शिक्षा आहे, असे वकील सांगतात. चालान (आरोपपत्र) पेश झाले, सत्र न्यायालयाने जामीन नाकारला, आता अर्ज हायकोर्टात आहे. दर आठवड्याला मी आणि आई मुलाकातीला जातो. आई त्याला पाहताच रडू लागते, मी 'पुढच्या आठवड्यात नक्की सुटशील' असे सांगते आणि वेळ संपते. राखीला गेले तेव्हा तो म्हणाला, 'मी नसतोच तर तुमचं सगळ्यांचं बरं झालं असतं.' बाबा निवृत्त शिक्षक आहेत. ते एकदाही गेलेले नाहीत आणि घरात त्याचे नाव काढू देत नाहीत. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला आम्ही 'बाबा पुण्याला नोकरीला गेले' असे सांगितले आहे. भावजय दोनदाच गेली, हल्ली फारशी बोलत नाही. आता गणपतीत सगळे नातेवाईक येतील. त्याला धीर कसा द्यावा, काय बोलावे, मुलीला काय सांगावे, काहीच सुचत नाही.
— एक बहीण, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे मी येणारच आहे. पण त्याआधी, राखीच्या दिवशी तुमचा भाऊ जे बोलला ते तुम्ही इतर गोष्टींच्या ओघात लिहून गेला आहात, त्याकडे तुमचे लक्ष वेधते. ते वाक्य रागाचे होते, लाजेचे होते की खरोखरच जगणे नकोसे झाल्याचे होते, हे जाळीच्या अलीकडून तुम्हाला ठरवता येणार नाही, आणि ते ठरवण्याची जबाबदारीही तुमची नाही. तुमची जबाबदारी एवढीच की ते वाक्य ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांच्यापर्यंत लेखी पोहोचले पाहिजे. उद्याच तुरुंग अधीक्षकांच्या नावे हिंदीत साधा अर्ज लिहा. त्यात भावाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, बंदी क्रमांक (कैद्याचा नंबर), तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत आणि कोणत्या दिवशी बोलला ती तारीख लिहा. जेलच्या डॉक्टरांकडून त्याची तपासणी व्हावी, त्याला एकटे ठेवू नये आणि समुपदेशकाशी त्याचे बोलणे करून द्यावे, अशी विनंती करा. त्याला पूर्वी कधी नैराश्याचा किंवा झोपेचा त्रास झाला असेल, औषधे चालू असतील, तर तेही लिहून डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा, आणि वकिलांनाही त्याच दिवशी कळवा.

पुढच्या भेटीत त्याला सरळ विचारा : 'तू त्या दिवशी जे बोललास त्याने मला झोप लागली नाही; जीव द्यावा असं मनात येतं का?' असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, अशी भीती अनेकांना वाटते. ती खरी नाही. ज्याच्या मनात असे काही असते त्याला कोणी थेट विचारले की बहुधा मोकळे वाटते, आणि ज्याच्या मनात नसते तो तसे सांगतो. तो 'हो' म्हणाला तर वाद घालू नका आणि शपथाही घालू नका. बाहेर पडण्याआधी ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला ते तोंडी सांगा आणि वर लिहिला तसा अर्ज पुन्हा द्या. तुम्हाला स्वतःला किंवा आईला कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता तुमच्या त्या आश्वासनाविषयी बोलते. तुम्ही ते मायेपोटी दिले, याबद्दल मला तिळभरही शंका नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे की या साडेतीन महिन्यांत तुमच्या भावाला सगळ्यात जास्त खचवणारी गोष्ट 'पुढच्या आठवड्यात नक्की सुटशील' हीच असावी. आत असलेल्या माणसाला दिवस मोजण्याखेरीज फारसे काम नसते. तुम्ही सांगितलेला आठवडा तो एकेक दिवस धरून मोजतो, बरॅकमधल्या दोघाचौघांना सांगतो, त्या संध्याकाळी आपले नाव पुकारले जाईल म्हणून कान लावून बसतो, आणि मग गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, होऊन बरॅक बंद होते. असे दोन-तीनदा झाले की त्याचा न्यायालयावरचा विश्वास उडतो तो उडतोच, पण तुमच्या बोलण्यावरचाही उडतो. त्यानंतर तुम्ही 'आई ठीक आहे' म्हटले तरी तो मनात म्हणतो, हेही तसेच असेल.

म्हणून यापुढे त्याला फक्त ठाऊक असलेलेच सांगा. 'अर्ज अमुक तारखेला लागला आहे, त्या दिवशी काय झाले ते मी पुढच्या भेटीत सांगेन' एवढे वाक्य पुरेसे आहे, आणि पुढच्या भेटीत ते खरोखर सांगणे हा त्याला दिलेला खरा धीर आहे. तारखेसाठी वकिलांच्या फोनवर विसंबून राहू नका. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक घालून आणि खालच्या न्यायालयातील खटल्यासाठी ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख-क्रमांक) घालून पुढची तारीख आणि झालेला आदेश कोणालाही पाहता येतो. इंदूर खंडपीठात जामीन अर्जाची सुनावणी पोलिसांकडून केस डायरी (तपासाची नोंदवही) न आल्याने पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. तसे झाले तर 'डायरी आली नाही म्हणून तारीख पुढे गेली, नवी तारीख ही आहे' असे त्याला सांगता येते. कारण कळले की निराशा सोसवते. 'काय माहीत, वकीलच नीट काम करत नाही' असे ऐकले की माणूस रात्रभर तळमळतो.

कायद्यातली आणखी एक गोष्ट त्याला सांगण्याजोगी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने (ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही त्याने) त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर न्यायालयाने त्याला सोडायचे असते, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे तुरुंग अधीक्षकांनीच करायचा असतो. जन्मठेपेच्या किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि माणसावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले चालू असतील तर तिचा लाभ मिळत नाही. तेव्हा भावावर लागलेल्या दोन कलमांमुळे याला अडथळा येतो का आणि दुसरा काही गुन्हा दाखल आहे का, हे वकिलांना नीट विचारून घ्या. सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षे चार महिने. हा काळ थोडा नव्हे, आणि त्याआधी गुणवत्तेवर जामीन मिळण्याचा मार्ग मोकळाच आहे. पण ज्याला पुढे काहीच दिसत नाही त्याला निदान वरची मर्यादा दिसते. वकिलांविषयी शंका असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि १५१०० हा त्यांचा मदतक्रमांक देशभर चालतो.

मुलाकातीच्या खोलीचे तुम्ही वर्णन केलेले नाही, पण ते बहुतेक ठिकाणी सारखेच असते. सकाळी नोंदणीच्या खिडकीशी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभे राहायचे, मोबाइल बाहेर ठेवायचा, झडती द्यायची, आणि नाव पुकारले की आत जाऊन एकाच वेळी दहा-बारा कुटुंबे ज्या गलक्यात ओरडून बोलत असतात त्यात आपल्या माणसाचा आवाज शोधायचा. अशा जागी मनातले बोलता येईल ही अपेक्षाच जाचक असते. तेव्हा घरून निघतानाच ठरवा की या वेळी तीनच गोष्टी बोलायच्या, आणि त्या कागदावर लिहा. लिहिलेले नसले की पहिला अर्धा वेळ 'कसा आहेस', 'बरा आहे', 'जेवतोस ना' यातच जातो आणि सुचते ते सगळे परतीच्या रिक्षात. बोलणाऱ्यांचा क्रमही ठरवा. आईला आधी बोलू द्या. त्या रडल्या तर त्यांना 'त्याच्यासमोर रडू नकोस' असे दटावू नका, कारण आई आपल्यासाठी रडते हे पाहणे त्याला जितके जड जाते त्याहून आईला आपल्यापुढे रडायला बंदी आहे हे पाहणे जड जाते. थोडा वेळ जाऊ द्या, मग तुमच्या कागदाकडे वळा.

त्या कागदावर काय असावे, याचे माझे उत्तर ठाम आहे : घरातले चालू प्रश्न. तुरुंगात माणसाचे स्वातंत्र्य जाते हे सगळ्यांना दिसते. पण त्याचबरोबर त्याला कोणी काही विचारेनासे होते, आणि ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण ज्याचा विषय काढून सगळे रडतात असा एक प्रसंग झालो आहोत, असे त्याला वाटू लागते. 'मी नसतोच तर' या विचाराला तिथूनच खतपाणी मिळते. त्याच्या स्कूटरचा हप्ता कसा भरायचा, ती विकावी की ठेवावी, मुलीला पुढच्या वर्षी कोणत्या शाळेत घालावे, गच्चीवरची टाकी गळते तर कोणत्या प्लंबरला बोलवावे, आईच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या त्या तिला मानवतात का, हे त्याला सांगा आणि त्याचे मत विचारा. विचारून झाल्यावर ते मत शक्य तेथे अमलात आणा, आणि पुढच्या भेटीत 'तू सांगितलेल्या माणसाकडूनच टाकी दुरुस्त करून घेतली' असे आवर्जून कळवा. संकटे लपवून ठेवू नका. आई आजारी पडल्या तर ते त्याला तुमच्याकडूनच कळावे. दुसऱ्या कोणाकडून उशिरा कळले तर तो तुम्हालाच दोष देईल, आणि तो चुकीचा असणार नाही.

काही गोष्टी मात्र त्या खोलीत अजिबात काढू नका. खटल्यातले तथ्य, कोणी किती पैसे घेतले, कागद कुठे आहेत, कोण साक्ष देणार, हे विषय फक्त त्याचे आणि वकिलांचे आहेत. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला कायद्याने संरक्षण आहे. बहिणीशी बोललेल्याला ते नाही, पत्रे वाचली जातात, जेलमधून येणारे फोन ध्वनिमुद्रित होऊ शकतात. 'खरं सांग, घेतले होतेस का पैसे?' हा प्रश्न तुमच्या ओठांवर अनेकदा आला असेल. तो येणे स्वाभाविक आहे, तरी तेथे विचारू नका. त्याचे उत्तर ऐकण्याचा दिवस पुढे येईल. तसेच त्याने बाहेरच्या कोणाला, विशेषतः प्रकरणातल्या इतर माणसांना, निरोप द्यायला सांगितले तर प्रेमाने पण स्पष्ट नकार द्या. तक्रार करणाऱ्या ग्राहकांच्या घरी जाऊन हात जोडण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या, कारण साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप एकदा झाला की जामिनाला मोठा अडथळा होतो. रक्कम परत करून तडजोड करायची असेल तर ती बोलणी वकिलांमार्फतच होऊ द्या.

आत मारहाण होते का, कोणी पैसे मागते का, हेही त्याला पहारेकऱ्यांदेखत विचारण्यात अर्थ नसतो. तो 'नाही' असेच म्हणेल. त्याऐवजी त्याच्याकडे नीट पाहा : चालणे, हात, डोळे, कपड्यांची स्थिती, आणि मागच्या भेटीपेक्षा तो किती उतरला आहे ते. पैशांची मागणी एकाएकी वाढली तर ती दडपणाखालची असू शकते. शंका आली तर अधीक्षकांना, आणि तेथे दाद लागली नाही तर विधिक सेवा प्राधिकरणाला लेखी कळवा. तक्रारीचे पत्र म्हणजे काही क्षुल्लक कागद नव्हे. तिहारमधील सुनील बत्रा नावाच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी पाठवलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले, आणि डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात नातेवाइकांच्या भेटी हा एकाकी कैद्याचा दिलासा असल्याचे म्हटले. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन यांच्या प्रकरणात घरच्यांना आणि वकिलाला भेटणे हा स्थानबद्ध व्यक्तीच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. खिडकीशी उभे असताना आपण कोणाची मेहेरबानी मागत आहोत असे वाटू देऊ नका. नियम पाळा, शांतपणे बोला, पण मान खाली घालून उभे राहू नका.

पैसे देताना फक्त अधिकृत मार्गाने, त्याच्या नावच्या जेलखात्यात, पावती घेऊन द्या, आणि महिन्याची एक ठरावीक रक्कम त्याला आधीच सांगा म्हणजे कॅन्टीनचा खर्च त्याला त्यात बसवता येईल. 'तुमचा भाऊ दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा' किंवा 'साहेबांना अमुक दिले की उद्या सुटेल' असे फोन बंद्यांच्या घरी येतात. ते कितीही खरे वाटले तरी पैसे न पाठवता आधी जेलच्या कार्यालयात आणि वकिलांकडे चौकशी करा.

भेटींच्या मधल्या दिवसांसाठी पत्रे लिहा. पत्र पुन्हा वाचता येते, उशाशी ठेवता येते, आणि गलक्यात राहून गेलेले त्यात सांगता येते. मराठीतच लिहा, फक्त तपासणाऱ्यालाही वाचता येईल असे सुवाच्य आणि सरळ असू द्या. पत्त्यावर त्याचे व वडिलांचे नाव आणि बंदी क्रमांक घाला, आणि प्रत्येक पत्रावर अनुक्रमांक टाका, म्हणजे एखादे पोहोचले नाही तर त्याला कळेल आणि तुम्ही लिहिलेच नाही असा गैरसमज होणार नाही. त्याला वाचायची आवड असेल तर कोणती पुस्तके देता येतील ते कार्यालयात विचारा. शिक्षण अर्धवट राहिले असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम तुरुंगातील विद्यार्थ्यांना विनाशुल्क करता येतात, याचीही चौकशी करा. आतले महिने निव्वळ वाट पाहण्यात गेले नाहीत, असे त्याला पुढे म्हणता आले पाहिजे.

आता तुमच्या भावजयीविषयी. ताई, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण पत्र वाचताना मला असे जाणवले की साडेतीन महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या मुलाकाती तुम्ही आणि आईंनी घेतल्या आहेत, आणि जिचे आयुष्य यात सर्वांत जास्त उलटेपालटे झाले तिच्या वाट्याला दोनच आल्या, त्याही बहुधा तुम्हा दोघींच्या सोबतीने. सासू आणि नणंद शेजारी उभ्या असताना नवऱ्याशी काय बोलणार? तिला राग असेल, कर्जाची भीती असेल, त्याने आपल्याला काही सांगितले नाही याचे दुःख असेल, कदाचित माहेरचे 'परत ये' म्हणत असतील. ती बोलत नाही याचा अर्थ तिला पर्वा नाही असा काढू नका. एक मुलाकात आड ती एकटी जाईल, असे ठरवा. तुम्ही फाटकापर्यंत सोबत करा आणि बाहेर थांबा. परत आल्यावर 'काय म्हणाला?' असे विचारू नका. ती सांगेल तेवढे ऐका. पगार बंद झाल्यापासून घरखर्च कोण देतो आणि किती, याचीही तिच्याशी उघड बोलणी करा. दर वेळी सासऱ्यांपुढे हात पसरावा लागणे तिच्या गप्प होण्याचे कारण असू शकते.

मुलीला खरे सांगायला हवे, आणि ते तिच्या आईने सांगायला हवे. पाच वर्षांच्या मुलाला पुण्याच्या बाबांचा व्हिडिओ कॉल का येत नाही, आत्या आणि आजी दर आठवड्याला कुठे जातात, आपण खोलीत शिरताच सगळे गप्प का होतात, हे सगळे कळत असते. उत्तर न मिळाल्यावर या वयाची मुले बहुधा असेच समजतात की आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले. त्याहून वाईट म्हणजे खरे काय ते तिला एखाद्या दिवशी शाळेच्या रिक्षात दुसऱ्या मुलाकडून कळेल. घरी, निवांत वेळी, आईने तिला जवळ घेऊन सांगावे : 'बाबा पुण्याला नाहीत. ते इंदूरलाच आहेत, एका अशा ठिकाणी की जिथून न्यायाधीशांनी सांगितल्याशिवाय घरी येता येत नाही. बाबांनी पैशांचा काही नियम मोडला का, हे न्यायाधीश तपासत आहेत. तिथे त्यांना जेवण मिळतं, झोपायला जागा आहे. यात तुझी काहीच चूक नाही.' 'कधी येणार?' या प्रश्नाला 'अजून माहीत नाही, कळलं की तुला लगेच सांगेन' हेच उत्तर द्यायचे. ती तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारेल, आणि दर वेळी तेच उत्तर शांतपणे द्यावे लागेल. शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या.

तिला भेटीला न्यायचे का, हे ती आणि तिची आई दोघींच्या तयारीवर ठरवा. सरकारच्या ई-मुलाकात सेवेवर भेटणाऱ्याचे नाव, ओळखपत्र आणि मोबाइल क्रमांक नोंदवून प्रत्यक्ष भेटीसाठी किंवा व्हिडिओवरील भेटीसाठी वेळ मागता येतो. व्हिडिओची वेळ मिळाली तर पहिली भेट तशी घडवा. नंतर नेताना मोठे दार, खाकी कपड्यांतली माणसे, झडती, जाळी आणि गोंगाट असेल हे आधी सांगा, आणि बाबांना पाहून ती काहीच बोलली नाही तरी तिला बोलते करण्याचा आग्रह धरू नका. मध्य प्रदेशातील तुरुंगांत राखीप्रमाणे भाऊबीजेलाही बहिणींना भेटीची खास मुभा देतात, पण त्या दिवशी रांग आणि रेटारेटी फार असते. तो दिवस तुमचा असू द्या. मुलीसाठी साधा, कमी गर्दीचा वार निवडा.

बाबांवर जबरदस्ती करू नका. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावली त्यांना आपल्या मुलाचे नाव पोलिसांच्या कागदावर पाहावे लागले. त्यांच्या अबोल्यामागे राग आहे तेवढीच, 'मी वाढवण्यात कुठे कमी पडलो' ही टोचणीही असणार. मुलगा निर्दोष आहे असे त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. एवढेच सांगा की दोष अजून सिद्ध झालेला नाही, आणि उद्या झाला तरी तो मुलगाच राहणार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांच्या खटल्यांचा निकाल लागलेला नव्हता. शिक्षकाच्या हातात असा आकडा ठेवला तर तो त्यावर विचार करील, असे मला वाटते. त्यांना भेटीचे नव्हे, एखादे काम सोपवा : तारखांची वही ठेवणे, आदेशांच्या प्रती नीट लावणे, कलमे वाचून वकिलांना विचारायचे प्रश्न काढणे. मुलाकातीत 'बाबा तुझ्या तारखांची वही ठेवतात' एवढे सांगता आले तरी भावाला ते पुष्कळ आहे. एखाद्या पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहाल का, असे मात्र त्यांना अधूनमधून विचारत राहा, आणि त्यांनी नकार दिला की विषय तेथेच सोडा.

गणपतीत येणाऱ्यांसाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच वाक्य ठरवा, म्हणजे चौघांच्या तोंडून चार गोष्टी निघणार नाहीत. 'त्याच्यावर केस चालू आहे, प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही बसा, आरतीची वेळ झाली' एवढे पुरे. पुण्याची गोष्ट मोठ्यांनाही सांगत राहिलात तर ती सांभाळण्यातच सण जाईल. जे एक-दोन नातेवाईक खरोखर जवळचे आहेत त्यांना आधीच सर्व सांगा आणि नेमकी मदत मागा : कोणी आईला मुलाकातीला नेईल, कोणी मुलीला संध्याकाळी सांभाळील, कोणी जामीनदार राहील का ते बोलेल.

जामीनदाराची तजवीज आत्ताच करून ठेवा, कारण आदेश झाल्यावर धावाधाव करण्यात पुष्कळ घरांचे दिवस वाया जातात. आपल्याकडे न्यायालये बहुधा शेतजमिनीची ऋण पुस्तिका (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी सरकारी वही) मागतात. ती कोणाकडे आहे, नावे अद्ययावत आहेत का, तो माणूस प्रत्यक्ष हजर राहील का, हे पाहा, आणि तोच कोणाचा तरी आधीच जामीनदार नाही ना हेही विचारा. न्यायालयाबाहेर पैसे घेऊन जामीनदार पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजना आहे. तिच्यात पात्र कच्च्या कैद्याला आर्थिक मदत मिळू शकते, आणि तिची चौकशी विधिक सेवा प्राधिकरणातच होते. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोहोचवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. तरीही जामीनपत्र भरून, पडताळणी होऊन सुटकेचा कागद संध्याकाळपर्यंत जेलमध्ये गेला नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. हे भावालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे आदेश ऐकून तो त्याच रात्री दाराकडे डोळे लावून बसणार नाही. तो घरी आला की जामिनाच्या अटी त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून वाचा, आणि पुढची पेशी, तसेच ठाण्यात हजेरी लावायची असेल तर तो वार, बाबांच्या वहीत लिहून घ्या.